दाणा रानातला की शेतातला?

प्रश्न : महेश्वरसमोरच्या नावडातोलीच्या उत्खननात जळके गहू सापडले. ते पेरलेलेच होते, रानातून वेचलेले नव्हते, हे कशावरून? – एक वाचक, इंदूर

उत्तर : नावडातोलीपुरतं उत्तर सोपं आहे. रानटी गव्हाचं घर तुर्कस्तान-सीरियाच्या पट्ट्यात. माळव्यात तो उगवत नाही. म्हणजे इथला गहू पेरलेलाच.

खरी कसोटी लागते ती त्या पट्ट्यात, जिथे सुमारे 10,000 वर्षांपूर्वी शिकारी-संग्राहक माणूस शेतीकडे वळत होता. तिथे दाण्यापेक्षा ओंबीचा दांडा बोलका. रानटी ओंबी पिकली की सांध्यांवर आपोआप सुटते, व्रण गुळगुळीत राहतो. पाळीव ओंबी मळणीतच तुटते, व्रण खडबडीत फाटलेला असतो. न गळणाऱ्या ओंब्याच कापणाऱ्याच्या हाती जास्त लागल्या, त्याच पुन्हा पेरल्या गेल्या. असं शेकडो पिढ्या चाललं. मात्र एका तुकड्यावर निकाल देऊ नये. रानटी ओंबीच्या तळचे सांधेही कधी फाटूनच सुटतात, शिवाय हिरवी कापलेली ओंबीही तशीच फाटते. म्हणून शेकडो तुकड्यांतलं प्रमाण मोजतात.

हे तुकडे मिळवायचे तर माती आधी सावलीत सुकवून पाण्यात सोडतात. जळके अवशेष तरंगतात, ते पाव मिलिमीटरच्या जाळीवर धरतात. नंतर उन्हात वाळवले तर तडकतात, आणि मग व्रणच उरत नाही. माळव्याच्या चिकट काळ्या मातीत ढेकळं फुटेपर्यंत धीर धरावा लागतो. चोळून फोडली की नाजूक सांधे आधी जातात.