पहिले तारे सापडले का, आणि ते शोधायला खोडद कितपत उपयोगी?

तुमचे प्रश्न दोन. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने महास्फोटानंतर तीसेक कोटी वर्षांनीची दीर्घिका टिपली, म्हणजे पहिले तारे सापडले का? आणि अकरावीतल्या मुलाला हे काम दाखवायला नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीकडे न्यावं का? पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं हो, पण कारण तुमच्या मनात आहे ते नाही.

बातम्यांत 'सर्वात दूरची' आणि 'सर्वात पहिली' यांची कायम सरमिसळ होते. तुम्ही म्हणता ती दीर्घिका, जेड्स-जीएस-झेड१४-०, २०२४ मध्ये जाहीर झाली. २०२५ मध्ये चिलीतल्या आल्मा दुर्बिणीला तिच्यात ऑक्सिजन सापडला आणि तिथेच विषय मिटला. महास्फोटातून हायड्रोजन, हेलियम आणि नावापुरतं लिथियम एवढंच निघालं. ऑक्सिजन तयार होतो तो ताऱ्यांच्या पोटात. म्हणजे तिथे आधीची एक पिढी जन्मून, फुटून गेलेली होती. पहिली पिढी ओळखायची ती अंतरावरून नव्हे, जड मूलद्रव्यं नसण्यावरून.

आता एखादी गोष्ट 'नाही' हे सिद्ध करणं किती अवघड! वर्णपटात, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून पाहिला की त्यात, हेलियमची १६४ नॅनोमीटरची रेषा ठळक हवी, कारण ती भयंकर तापलेल्या ताऱ्यांभोवती उमटते. शिवाय ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची रेषा नको. पण ती दिसली नाही तर ऑक्सिजन खरंच नाही, की दुर्बीण तोकडी पडली? एलएपी१-बी नावाच्या इवल्याशा दीर्घिकेत पहिल्या पिढीचे तारे असल्याचा दावा २०२५ मध्ये झाला. मध्ये असलेल्या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वामुळे तिचा प्रकाश कित्येक पट वाढून आपल्यापर्यंत येतो. तिथला ऑक्सिजन सूर्याच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी आहे, पण शून्य नाही. माझ्या मते हा आजवरचा सर्वात दमदार उमेदवार. निकाल मात्र लागलेला नाही.

हे तारे आपल्या आसपास का उरले नाहीत? वायूचा ढग निवला तरच त्याचे छोटे तुकडे पडतात, आणि त्या काळी निववायला कार्बन, ऑक्सिजन, धूळ काहीच नव्हतं. होते फक्त हायड्रोजनचे रेणू, आणि त्यांचं हे काम यथातथाच. त्यामुळे तारे सूर्याच्या दहापट, शंभरपट वजनाचे झाले आणि काही दशलक्ष वर्षांत संपले. उरली त्यांची राख. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातून सापडलेल्या एका ताऱ्यात लोह सूर्याच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी आहे. नातवाच्या नाकावरून पणजोबांचा चेहरा ताडावा, तसं अशा ताऱ्यांवरून पहिल्या स्फोटांचा अंदाज बांधतात.

मला सर्वात रस आहे तो रेडिओच्या वाटेत. इथे तारे बघायचेच नाहीत. त्यांच्या उजेडाने भोवतालच्या हायड्रोजनवर काय परिणाम झाला तो ऐकायचा. हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर निघते १४२० मेगाहर्ट्झला, पण विश्व प्रसरण पावत गेल्याने ती आपल्यापर्यंत शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही खाली पोहोचते. म्हणजे नेमकी एफएमच्या शेजारी! २०१८ मध्ये एजेस या प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झला संकेतात खळगा दिसल्याचं जाहीर केलं आणि खळबळ उडाली, कारण तो अपेक्षेपेक्षा दुप्पट खोल होता. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने मग 'सारस' अँटेना कर्नाटकातल्या जलाशयांवर तरंगत ठेवली. जमिनीखालचे मातीचे, खडकाचे थर मापनात घोळ घालतात. पाणी एकसारखं असतं. २०२२ मध्ये त्यांनी सांगितलं की तो खळगा त्यांच्या मापनात नाही.

आता खोडद. जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या तीस तबकड्या साधारण १२० मेगाहर्ट्झच्या खाली ऐकत नाहीत. त्यामुळे अगदी पहिल्या ताऱ्यांचा काळ त्यांच्या टप्प्याबाहेर आहे. त्यानंतरचा, ताऱ्यांच्या उजेडाने हायड्रोजनचं आयनीभवन होण्याचा, म्हणजे त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होण्याचा काळ टप्प्यात येतो. तिथल्या निरीक्षणांवरून २०११ मध्ये एक मर्यादा मांडली गेली: हायड्रोजनचा संकेत ७० मिलिकेल्विनपेक्षा (रेडिओ संकेताची ताकद अशी तापमानात मोजतात) मोठा असू शकत नाही. पुढे त्याच गटाने स्वतःची पद्धत तपासली. आपल्या आकाशगंगेचा रेडिओ गोंगाट पुसताना मूळ संकेतही थोडा पुसला जात होता. २०१३ मध्ये त्यांनीच ती मर्यादा २४८ वर नेली. आकडा दिसायला वाईट झाला, पण विश्वासार्ह झाला. मुलाला हा किस्सा जरूर सांगा. पाठ्यपुस्तकात तो मिळणार नाही.

पुढचं काम ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या एसकेए-लो या दुर्बिणीकडे जाईल. ती ५० मेगाहर्ट्झपासून ऐकेल. भारत त्या प्रकल्पात आहे आणि पुण्यातलं एनसीआरए, म्हणजे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, आपल्याकडचं मुख्य केंद्र.

खोडदला विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास जा. तेव्हा माणसं भेटतात, प्रश्न विचारता येतात. पुण्याहून नारायणगावपर्यंत पुणे-नाशिक रस्ता, तिथून आत. पहाटे निघा, नाहीतर चाकणलाच नऊ वाजतील. आणि मोबाईल बंद ठेवायला सांगितलं की बंदच ठेवा.