ट्रॅक्टर चालू होऊन बंद पडतो ना? इंजिन उघडू नका, आधी डिझेलच्या पाइपातली हवा काढा

आजोबांचा बी-२७५ ट्रॅक्टर बरीच वर्षं पडवीत उभा होता, आता चालू होतो पण मिनिटभरात गचके खाऊन बंद पडतो, आणि मिस्त्री इंजिन उघडायचं म्हणतायत, असं तुम्ही लिहिलंय. दादा, एवढ्यात उघडू देऊ नका. बहुधा पाइपात हवा शिरल्याने त्याला डिझेल नीट पोचत नाहीये.

माझं लहानपण दापोलीकडे काकांच्या अशाच ट्रॅक्टरमागे गेलं. आपल्याकडे खाचरं लहान, बांध उंच, म्हणून ट्रॅक्टर कमीच. काकांचा चाले तो खाडीलगतच्या सपाट मळ्यात. आषाढात चिखलणीच्या ऐन घाईत तो असाच बंद पडायचा, आणि लावणीच्या बाया इरली घेऊन बांधावर खोळंबायच्या. काका फिल्टरवरचा हवेचा बोल्ट जरासा सैल करत, मी फीड पंपाचा, म्हणजे टाकीतून डिझेल पुढे ढकलणाऱ्या पंपाचा, दांडा मारायचो. आधी फेस, मग सुटे बुडबुडे, मग सलग डिझेल. फेस असतानाच बोल्ट आवळला तर मेहनत फुकट. मग तेच इंजेक्शन पंपावर, आणि शेवटी सेल मारत नॉझलच्या, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडांच्या, नटांवर. टाकीकडून नॉझलकडे, हा क्रम मोडायचा नाही.

हवा काढूनही पुन्हा शिरत असेल तर पाइपच्या जोडावरचे तांब्याचे वॉशर बघा. काका जुने वॉशर चुलीत लालभडक करून पाण्यात टाकत. दाबून कडक झालेलं तांबं त्याने मऊ पडतं आणि पुन्हा घट्ट बसतं. चिमट्याने ते निखाऱ्यातून उचलायचं काम माझं, दुसऱ्या कुणाला मी हात लावू देत नसे. तुम्ही मात्र नवेच घाला, स्वस्त असतात.

या सगळ्याच्या आधी टाकी. अर्ध्या टाकीवर पावसाळा काढला की आपल्या दमट हवेत आत पाणी धरतं आणि तळाला बसतं. जुनं डिझेल सगळं काढा, टाकी धुवा, फिल्टर नवा घाला. झाकणाचं बारीक भोकही मोकळं करा. ते बुजलं की टाकीत हवा शिरत नाही, डिझेल ओढलं जात नाही, आणि ट्रॅक्टर तुम्ही सांगताय तसाच थोडा चालून मरतो.

चालू झाला की थेट खाचरात घालू नका, ही कळकळीची विनंती. चिखलात रुतला तर मागच्या चाकांना ओंडका बांधून पुढे काढायला जाऊ नका. चाक अडकलं की इंजिनाचा जोर पुढचं तोंड उचलतो, आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर मागे उलटतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. पुढचा चिखल फावड्याने उपसा, रिव्हर्समध्ये हळूहळू काढून बघा, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर बोलवा. मडगार्डवर पोरांना बसवू नका. आम्ही बसायचो, पण माझ्या मुलांना मी कधी बसू दिलं नाही.