फ्लॅट न घेता रिअल इस्टेट: तुमचे प्रश्न

प्रश्न: फ्लॅट घेण्याएवढे पैसे नाहीत, पण रिअल इस्टेटमध्ये थोडं तरी असावं असं वाटतं. इंडेक्स फंडातून जमेल का?

जमेल, आणि अख्ख्या मार्केटचा इंडेक्स फंड (म्हणजे ठरलेल्या यादीतल्या, इंडेक्समधल्या, सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणारा फंड) आधीच घेतलेला असेल तर थोडं जमलेलंसुद्धा आहे! रीट म्हणजे इमारती विकत घेऊन भाड्यावर कमावणारी कंपनी, जिचे शेअर बाजारात मिळतात. अमेरिकेत 1960 साली यासाठी कायदा झाला आणि मग बऱ्याच देशांनी तसेच नियम केले. लिस्टेड रीट मोठ्या इंडेक्समध्ये असतातच, एस अँड पी 500 मध्ये (अमेरिकेतल्या सुमारे 500 मोठ्या कंपन्यांचा इंडेक्स) या सेक्टरचं वजन साधारण 2 टक्क्यांच्या आसपास असतं. कमी वाटतं ना? पण बाकीच्या कंपन्यांच्या मालकीच्या फॅक्टऱ्या, दुकानं, जमिनी वेगळ्याच, त्या या आकड्यात धरलेल्या नाहीत.

प्रश्न: रीट इंडेक्स फंडात नक्की काय असतं, फ्लॅटच ना?

फ्लॅट असतात, पण थोडेच. गोदामं, मोबाईल टॉवर, डेटा सेंटर, मॉल, हॉस्पिटलच्या इमारती, लोकांचं जादा सामान ठेवायच्या खोल्या, असं सगळं असतं. अमेरिकेच्या फंडात वरच्या नावांमध्ये प्रोलॉजिस (गोदामं), अमेरिकन टॉवर, इक्विनिक्स (डेटा सेंटर) दिसतील. काही इंडेक्स टॉवरवाल्यांना घेतच नाहीत, म्हणून 'रिअल इस्टेट' एवढं नाव बघून घेऊ नका, आतली यादी उघडून बघा. मॉर्गेज रीट दिसले तर जरा थांबा, ते इमारती नाही, कर्जं विकत घेतात, तो धंदाच वेगळा.

प्रश्न: शेअर पडले तरी घरांचे भाव एवढे पडत नाहीत, म्हणजे रीट सेफ ना?

हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि उत्तर दर वेळी 'नाही' असंच आहे. 2007 च्या सुरुवातीपासून मार्च 2009 पर्यंत अमेरिकन रीट इंडेक्स दोन तृतीयांशाहून जास्त पडला, म्हणजे शेअर बाजारापेक्षाही जास्त. कारण असं की टॅक्सची सवलत टिकवायची तर तिथल्या रीटला करपात्र उत्पन्नातलं किमान 90 टक्के वाटून टाकावं लागतं, त्यामुळे गाठीला फार काही उरत नाही, नवीन इमारत घ्यायची की कर्ज काढा नाहीतर नवे शेअर विका, आणि जुनं कर्ज फिटायच्या वेळेला बँकांनी हात आखडले किंवा व्याजदर चढले की मग पंचाईत. 2022 मध्ये व्याजदर वाढले तेव्हाही साधारण एक चतुर्थांश पडझड झाली. आणि घराचा भाव पडत नाही असं वाटतं कारण तो रोज कोणी सांगायला येत नाही. रोज सकाळी दारात येऊन कोणी भाव सांगितला असता तर तुमचीही झोप उडाली असती.

प्रश्न: डिव्हिडंड जास्त मिळतो म्हणून रिटायरमेंटसाठी घेऊ का?

नुसत्या डिव्हिडंडसाठी नको. पैसे वाटले की तेवढे कंपनीतून गेले, जादूने काही तयार होत नाही. शिवाय बऱ्याच ठिकाणी या डिव्हिडंडवर साध्या उत्पन्नासारखा पूर्ण टॅक्स लागतो, म्हणून टॅक्स वाचवणारं रिटायरमेंट खातं असेल तर रीट फंड त्यात ठेवणं बरं पडतं.

प्रश्न: मग वेगळा रीट फंड घ्यायचा की नाही?

माझं मत, गरज नाही. हौस असेल तर 5 ते 10 टक्के, त्यावर नको, आणि एका देशाचा घेण्यापेक्षा जगभरचा घ्या.

प्रश्न: भाड्याने दिलेला फ्लॅट विकून सगळे पैसे या फंडात टाकू का?

आधी हिशोब करा: वर्षाचं भाडं, त्यातून मेंटेनन्स, टॅक्स, रिकामे गेलेले महिने आणि भाडेकरूच्या फोनला दिलेला तुमचा वेळ वजा. उरेल ते फ्लॅटच्या आजच्या किमतीच्या किती टक्के होतं ते बघा, विकताना लागणारा टॅक्सही धरा. तो आकडा कळवा, मग बोलू.