दुसऱ्या देशातल्या शाळेबरोबर पर्यावरणाचा प्रकल्प करायचा, तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सातवी-आठवीची मुलं आहेत, परदेशातली एक शाळा जोडीला मिळाली आहे, दोन व्हिडिओ कॉल झाले, पोस्टरं पाठवून झाली, आणि आता पुढे काय करायचं ते दोन्हीकडे कुणालाच सुचत नाही.

अशा जोड्या इथेच अडकतात, कारण ओळख झाल्यावर मुलांना एकमेकांची गरजच उरत नाही. समोरच्या शाळेचा आकडा आल्याशिवाय आपला तक्ता पुरा होत नाही, अशी परिस्थिती तयार केली की मुलं स्वतःहून विचारायला लागतात, "त्यांची नोंद आली का?" म्हणून माझा सल्ला असा की, दोन्ही शाळांनी एकच गोष्ट, एकाच पद्धतीने, ठरलेल्या वेळी, निदान बारा आठवडे मोजायची. पोस्टर, भाषणं, झाडं लावणं हे सगळं त्यातून निघालेल्या प्रश्नांवर करा.

काय मोजायचं हे ठरवताना दोघांमध्ये खरंच सामायिक असं काही आहे का ते आधी बघा. एकच नदी दोन्ही देशांतून वाहत असेल तर त्याहून चांगलं काही नाही. डॅन्यूब नदीचं उदाहरण घ्या. तिच्या संरक्षणाचा करार २९ जून १९९४ रोजी सोफिया इथे झाला. आज १४ देश आणि युरोपीय संघ त्यात आहेत, आणि २९ जून हा डॅन्यूब दिन म्हणून नदीकाठची मुलं आणि गावं साजरा करतात. वरच्या गावाचं पाणी खालच्या गावात जातं, हे तिथल्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. नदी नसेल तर स्थलांतर करणारा एखादा पक्षी, एकच समुद्र किंवा एकच पीक चालेल. यातलं काहीच जुळत नसेल, तर पाण्याचा गढूळपणा, पाण्याचं आणि हवेचं तापमान, किंवा काठावरचा कचरा घ्या. हे जगात कुठेही मोजता येतं आणि खर्चही फारसा येत नाही.

पद्धत स्वतः शोधत बसू नका. ग्लोब नावाचा कार्यक्रम १९९४ मध्ये जाहीर झाला आणि १९९५ पासून अनेक देशांतल्या शाळा त्यात हवा, पाणी, माती, ढग यांच्या नोंदी करतात. त्याच्या मोजमापाच्या कार्यपद्धती कुणालाही फुकट वाचता येतात. तुम्ही त्यात नाव नोंदवा किंवा नोंदवू नका, कार्यपद्धती मात्र तिथलीच घ्या. दोन्ही शाळांनी तेच पान समोर ठेवलं की निम्मे वाद तिथेच मिटतात. जोडीदार शाळा शोधायची असेल तर १९८८ पासून चालणारं आयअर्न हे शाळांचं जाळं आहे.

आता गढूळपणा मोजण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण मुलांच्या हाती देण्यासारखं याहून सोपं आणि अचूक साधन मला माहीत नाही. १८६५ मध्ये अँजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने पांढऱ्या तबकड्या भूमध्य समुद्रात सोडून पाणी किती खोलवर आरपार दिसतं ते मोजलं. आज तळ्यांसाठी वापरतात ती सेकी तबकडी २० सेंटिमीटर व्यासाची असते, चार भागांत आलटून पालटून काळी-पांढरी रंगवलेली. जुन्या बादलीचं जाड झाकण कापून ती करता येते. रंग चकचकीत नको, मॅट हवा. मधोमध भोक पाडून आकडी असलेला बोल्ट घाला, वर-खाली वॉशर लावा आणि खाली अर्धा ते एक किलो वजन बांधा. दोरी ताणली जाणारी नको. नायलॉनची दोरी ओली झाली की लांबते आणि महिन्याभरात तुमचं माप बदललेलं असतं. खुणा दर १० सेंटिमीटरवर करा, पण पहिलं माप तबकडीच्या वरच्या पृष्ठभागापासून घ्या, गाठीपासून नव्हे. ही चूक जवळपास प्रत्येक नव्या गटाकडून होते, आणि दोन शाळांच्या गाठी वेगळ्या असल्या तर फरक पाण्यातला नसून गाठीतला निघतो.

मोजताना पुलाच्या किंवा धक्क्याच्या सावलीच्या बाजूला उभं राहा, गॉगल काढा, सकाळी १० ते दुपारी २ ही वेळ धरा. तबकडी हळूहळू सोडा. दिसेनाशी झाली की पाण्याच्या पातळीवर दोरीला कपड्यांचा चिमटा लावा. थोडी आणखी खाली सोडून वर ओढा, पुन्हा दिसली की दुसरा चिमटा लावा. दोन्हींची सरासरी हे एका मुलाचं वाचन. अशी तीन मुलांची तीन वाचनं घ्या आणि तिन्ही लिहून ठेवा, फक्त सरासरी नको. प्रवाहामुळे दोरी तिरकी होत असेल तर आकडा खऱ्यापेक्षा मोठा येतो. अशा वेळी वजन वाढवा किंवा जागा बदला. तबकडी तळाला टेकूनही दिसत असेल तर ती खोली हे उत्तर होत नाही. "१.२ मीटरपेक्षा जास्त" असं लिहायचं. उथळ ओढ्यात तबकडी चालतच नाही, तिथे तळाशी काळा-पांढरा ठिपका असलेली पारदर्शक उभी नळी वापरतात.

तापमापकाची तपासणी हा तर दोन देशांतल्या मुलांना जोडणारा सगळ्यात सुंदर प्रयोग आहे. बर्फाचा चुरा करा, त्यात जेमतेम बुडेल एवढंच थंड पाणी घाला, दोन-तीन मिनिटं ढवळा आणि तापमापक काठाला किंवा तळाला टेकू न देता मधोमध धरा. आकडा स्थिर झाला की वाचा. गोड्या पाण्याच्या बर्फाचा हा काला जगात कुठेही शून्य अंशालाच असतो. उकळत्या पाण्याचं तसं नसतं, उंचीवरच्या गावात पाणी कमी तापमानाला उकळतं. तुमचा तापमापक ०.५ दाखवत असेल तर प्रत्येक वाचनातून ०.५ वजा करायचे, आणि वजा केले हेही लिहायचं. दोन्ही शाळांनी एकाच आठवड्यात हे करून फोटो पाठवावेत. त्यानंतर नदीवर किंवा तळ्यावर गेलात की तापमापक तीन मिनिटं पाण्यात ठेवून पाण्यातच असताना वाचा. बाहेर काढून वाचलात तर ओल्या टोकावरचं पाणी उडतं आणि आकडा बदलतो.

आता खरी मेख. आंतरराष्ट्रीय प्रकल्पात गोंधळ उपकरणांपेक्षा लिहिण्याच्या सवयींमुळे जास्त होतो.

तारीख ०३/०४ अशी लिहिली की एका देशात ती ३ एप्रिल असते आणि दुसऱ्यात ४ मार्च. वर्ष-महिना-दिवस हाच क्रम सक्तीचा करा. जर्मनी, फ्रान्ससारख्या देशांत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे साडेसात तिथे "७,५" असा येतो आणि तुमच्या स्प्रेडशीटमध्ये त्याचे पंचाहत्तर होऊ शकतात. अक्षांश ४० अंश ३० मिनिटं म्हणजे ४०.५, पण मुलं ४०.३० लिहितात आणि शाळा नकाशावर २२ किलोमीटर सरकते. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह लागतं. ते विसरलं तर शाळा थेट समुद्रात जाऊ शकते. दशांशानंतर चार आकडे पुरेत, तेवढ्यात सुमारे ११ मीटरपर्यंत जागा कळते.

नायट्रेट मोजणार असाल तर इथे विशेष जपा. पाण्यात बुडवून रंग बघायच्या काही चाचणी-पट्ट्या नायट्रेट दाखवतात, काही नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन. दुसऱ्या आकड्याला ४.४३ ने गुणलं की पहिला मिळतो. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे ती नायट्रेटची, अमेरिकेची १० मिलिग्रॅम आहे ती नायट्रोजनची. म्हणजे दोन्ही मर्यादा जवळजवळ एकच आहेत. हे न तपासता तक्ते शेजारी ठेवले, तर एका गावाचं पाणी चौपटीहून जास्त दूषित आहे असा निष्कर्ष निघेल आणि तो साफ चुकीचा असेल. एखाद्या गावाला विनाकारण बदनाम करण्याइतकी ही गंभीर चूक आहे. पट्टीच्या डबीचा फोटो पहिल्याच दिवशी एकमेकांना पाठवा.

शून्य आणि रिकामी जागा यांतला फरक मुलांच्या मनावर ठसवा. कचरा मोजायला गेलो आणि काहीच सापडलं नाही, तर शून्य. गेलोच नाही, तर "नोंद नाही". सुट्टीतल्या आठवड्यात शून्य भरलं की कचरा कमी झाल्यासारखा आलेख दिसतो.

वेळेचं दुहेरी गणित आहे. कॉल ठरवताना जागतिक प्रमाणवेळ लिहा, कारण काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळं पुढे-मागे करतात आणि ठरलेला कॉल एका तासाने चुकतो. हवेचं तापमान मात्र ज्याच्या त्याच्या मध्यान्हीच घ्यायचं. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत, सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या बरोबर मधली वेळ. सूर्योदय ६:२० आणि सूर्यास्त संध्याकाळी ६:५० असेल तर १२:३५. त्याच्या अलीकडे-पलीकडे एक तास चालतो. जोडीदार शाळा दक्षिण गोलार्धात असेल तर तुमचा उन्हाळा हा त्यांचा हिवाळा, आणि त्यांची मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत. दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवून सामायिक बारा आठवडे आधी शोधा.

नावांचंही तसंच. युरोपातला रॉबिन आणि अमेरिकेतला रॉबिन हे दोन वेगळे पक्षी आहेत. नोंदीत शास्त्रीय नाव हवंच, शेजारी मुलांच्या भाषेतलं नाव जरूर ठेवा. कचऱ्यासाठी १०० मीटरचा कायमचा पट्टा आखा, २.५ सेंटिमीटरपेक्षा मोठा प्रत्येक तुकडा मोजा, आणि सुरुवातीलाच २० फोटो दोन्ही शाळांना देऊन वर्गवारी करायला सांगा. फाटक्या पिशवीचे पाच तुकडे एक की पाच, हा वाद त्या फोटोंवरच होऊ द्या. काच, सुया यांना मुलांनी हात लावायचा नाही, फोटो काढून मोठ्यांना सांगायचं. पाण्यात घोट्याच्या वर उतरायचं नाही आणि पूर असेल त्या दिवशी "नोंद नाही" लिहून घरी जायचं.

दोन गोष्टी अजिबात करू नका. पहिली, बिया किंवा माती पाखिटातून पाठवणं. मुलांना हे फार आवडतं, पण माती आणि बियांबरोबर किडी, बुरशी आणि परकी तणं जातात. म्हणून बहुतेक देशांत त्यावर बंदी किंवा परवान्याची अट आहे. मातीचा फोटो आणि सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा) पाठवा. दुसरी, मुलांचे चेहरे, पूर्ण नावं आणि घराची जागा उघडपणे टाकणं. पालकांच्या संमतीची वयोमर्यादा देशागणिक बदलते. अमेरिकेत ती १३ आहे. युरोपीय संघात १६ आहे, पण सदस्य देश ती १३ पर्यंत खाली आणू शकतात. भारताच्या २०२३ च्या कायद्यात ती १८ आहे. दोन्ही देशांतली जी कडक असेल ती पाळा.

आता गावकऱ्यांबद्दल. त्यांना शेवटच्या प्रदर्शनाला बोलावू नका, पहिल्या आठवड्यातच विचारा. मासेमार, शेतकरी, पाणी सोडणारा कर्मचारी यांना पाणी कधी आणि कशाने बदलतं हे ठाऊक असतं. मुलांनी तीनच प्रश्न न्यावेत: पाणी कोणत्या महिन्यात गढूळ होतं, पूर्वी काय दिसायचं जे आता दिसत नाही, आणि आम्ही कुठे मोजावं. याच प्रश्नांची उत्तरं परदेशातून आली की मुलांना पहिल्यांदा जाणवतं की तिथली आजीही तेच सांगते आहे. बारा आठवड्यांनी आकडे घेऊन स्थानिक संस्थेकडे जाताना मागणी एकच ठेवा, आणि ती त्या संस्थेच्या अधिकारातली असू द्या. "प्रदूषण थांबवा" यावर कुणी सही करू शकत नाही. "पुलाखालच्या पट्ट्यात झाकणाची कचरापेटी ठेवा" यावर करता येते. आपलं ऐकून घेतलं जाणं हा मुलांचा हक्क आहे. बालहक्क करारावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०२३ मध्ये पर्यावरणाविषयी भाष्य प्रसिद्ध केलं, त्याआधी १२१ देशांतल्या मुलांची मतं घेतली होती. अर्जासोबत हा संदर्भ जोडा.

आणि समोरची शाळा मध्येच गप्प झाली तर नाउमेद होऊ नका. बहुधा परीक्षा असतात किंवा शिक्षक बदललेले असतात. म्हणून सुरुवातीलाच दोन्हीकडे दोन-दोन शिक्षकांचे पत्ते ठेवा. तीन आठवडे उत्तर नाही आलं तरी तुमचं मोजणं चालू ठेवा आणि दर आठवड्याचा तक्ता पाठवत राहा. त्यांची मुलं परत आली की तेरावा, चौदावा आठवडा जोडता येईल. तक्त्यातली मधली त्यांची घरं "नोंद नाही" अशीच राहू द्या, अंदाजाने भरू नका.