तुझ्या एपिसोडमधला निखिल

तुझ्या मालिकेतल्या गे निखिलचा सीन वाचला. तो आला की ढोलकीचा ठेका आणि लचकणारं मनगट कशाला? असला हशा मीही वसूल केलाय, म्हणून सांगतो, काढ ते. त्याला रोजचं आयुष्य दे: लक्ष्मी रोडवरचं साड्यांचं दुकान, आईची गुडघेदुखी, हुकलेली पीएमपी बस. 'कोबाल्ट ब्लू' (२००६) ही कादंबरी वाच. भाऊ-बहीण एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. लेखक समजावत बसत नाही.

आणि गोष्ट आजची असेल, तर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या कलम ३७७ची धमकी देणारा हवालदार नको. प्रौढांमधले परस्परसंमतीचे असे संबंध ६ सप्टेंबर २०१८पासून गुन्हा नाहीत. भीती दाखवायचीच, तर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची दाखव. शेवटचा रजिस्टर लग्नाचा सीनही काढ बाबा, सुप्रीम कोर्टाने २०२३ला समलिंगी लग्नाला मान्यता नाकारलीय.