पुण्यात जुना कॉम्प्युटर, लॅपटॉप, चार्जर वगैरे कुठे द्यायचं? भंगारवाल्याला दिलं तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की माळ्यावर एक डेस्कटॉप, जुना जाडा मॉनिटर, दोन लॅपटॉप, एक यूपीएस आणि पिशवीभर चार्जर-मोबाइल पडलेत आणि भंगारवाला सगळं उक्तं उचलतो म्हणतोय. उक्तं देऊ नका एवढंच आधी सांगतो, कारण यातल्या निम्म्या वस्तू अजून कचरा झालेल्याच नसतील.

मी सहकारनगरला राहतो, ओळखीपाळखीतले बंद पडलेले पीसी रविवारी उघडून बसायचा नाद आहे (बायको याला वेगळं नाव देते). "चालूच होत नाही" म्हणून माळ्यावर गेलेल्या डेस्कटॉपचा बोर्ड (आतलं मुख्य सर्किट, मदरबोर्ड) बऱ्याचदा ठणठणीत असतो. पंखा फिरतोय, बीप बीप वाजतंय आणि स्क्रीन काळी, असं असेल तर प्लग काढून रॅमची, म्हणजे बोर्डवर खोचलेली मेमरीची पट्टी बाहेर काढा, तिच्या सोनेरी दातांवर साधं खोडरबर हलक्या हाताने घासा, चुरा झटका आणि दोन्ही बाजूंनी खटकन आवाज येईपर्यंत दाबून बसवा. हसू नका, चालतं. आणि चालू होतोय पण दरवेळी तारीख कुठल्या कुठे मागे जाते, मग ब्राउझरमधे एकही साइट धड उघडत नाही, तर बोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय, घड्याळवाल्याकडेसुद्धा मिळतो तो.

लॅपटॉप स्लो आहेत म्हणून ठेवून दिले असतील तर हार्डडिस्क काढून एसएसडी (हार्डडिस्कचंच काम करते, पण खूप वेगात) टाका, आणि ४ जीबी रॅम असेल तर ८ करा, बास. बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या बाजूला गेलात तर विचारून घ्या, नाहीतर ऑनलाइन. आता बरेच जण विचारतात की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या मशीनवर बसत नाही, मग फेकायचाच ना? तर नाही हो. लिनक्स मिंट टाका, विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टिम, फुकट आहे, पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवूनही बघता येतं, आणि बँकेची साइट, यूट्यूब, मराठी टायपिंग, पोरांचे प्रोजेक्ट एवढं सगळं निवांत होतं. टॅली किंवा एखादं विंडोजचंच सॉफ्टवेअर लागत असेल तर मात्र त्या भानगडीत पडू नका.

चालू झालेलं मशीन खुशाल कोणाला तरी द्या, पण चार्जरसकट आणि स्वतः तासभर वापरून बघून. इथे माझं मत जरा कडक आहे. गावच्या शाळेला "दान" म्हणून लोक जे पाठवतात ना, पासवर्ड लावलेले, बिनाचार्जरचे, बिजागरी तुटलेले, ते तिथे एका खोलीत पडून राहतं आणि तिकडे ई-कचरा घ्यायलाही कोणी येत नाही. म्हणजे आपला माळा रिकामा आणि त्यांची खोली भरली. खंडेनवमीला हळदकुंकू वाहिलेलं मशीन भंगारात टाकायला जीव होत नाही हे कळतं, पण मेलेलं असेल तर ते सरळ रिसायकलिंगला जाऊ द्या.

देण्याआधी डेटा. डिलीट केलं किंवा साधं फॉरमॅट मारलं म्हणजे गेलं असं नसतं, आधार-पॅनचे स्कॅन, रिटर्नच्या फायली परत काढता येतात. विंडोजमधे रीसेट करताना ड्राइव्ह पूर्ण क्लीन करायचा ऑप्शन असतो तो घ्या, वेळ लागतो, रात्री लावून झोपा. डिस्क चांगली असेल तर काढून यूएसबी केसिंगमधे (डिस्क बाहेरून जोडायची डबी) घाला, बॅकअपला होते. डिस्क मेलेली असेल तर फोडा, फक्त लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बऱ्याचदा काचेची असते, फडक्यात गुंडाळून आणि डोळ्याला गॉगल लावून. मोबाइल रीसेट करायच्या आधी गुगल अकाउंट काढा, नाहीतर पुढच्याला तो लॉकच मिळतो.

आता भंगारवाला. त्याच्यावर माझा काही राग नाही, जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जे पार्ट विकायला मांडलेले असतात ते बघितले तर रीयूज आपल्यापेक्षा तेच लोक जास्त करतात. घोळ होतो तो न विकलेल्या मालाचा. तांब्यासाठी वायर जाळतात, सोन्यासाठी बोर्ड ॲसिडमधे बुडवतात, तुमच्या जाड्या मॉनिटरची तांब्याची कॉइल काढून घेतली की शिशाची काच कुठेतरी फेकली जाते. तो मॉनिटर घरी अजिबात उघडू नका, प्लग काढल्यावरही आत करंट साठलेला असू शकतो.

मग द्यायचं कुठे? पुण्यात स्वच्छ संस्था, म्हणजे आपल्याकडे रोज कचरा न्यायला येणाऱ्या ताई ज्या संस्थेच्या आहेत तीच, ई-कचरा घेते, आधी फोन करून विचारा. पूर्णम इकोव्हिजनवाले पण गोळा करतात. सोसायटीत चार घरांचं एकत्र केलं तर जास्त बरं, एका माउससाठी कोण टेम्पो पाठवणार. ज्या कंपनीचा लॅपटॉप आहे तिच्या साइटवरही परत द्यायची सोय बघा, २०२२ च्या नियमांप्रमाणे (१ एप्रिल २०२३ पासून लागू) रिसायकलिंगची जबाबदारी कंपनीवरच टाकलीये. आणि दुसरा कोणी "आम्ही ऑथराइज्ड" म्हणत आला तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं रजिस्ट्रेशन विचारा, कोणाकडे जातं माल ते विचारा, तिथे गडबडला की समजून जा.

यूपीएसची बॅटरी यात घालू नका, ती शिशाची असते, इन्व्हर्टर-बॅटरीच्या दुकानात नवीन घेताना जुनीचे पैसे कापून देतात.

एक गोष्ट मात्र आजच बघा. लॅपटॉपचा टचपॅड वर आलाय का किंवा मोबाइलचं मागचं झाकण उचललंय का? तसं असेल तर बॅटरी फुगलीये. चार्जिंगला लावू नका, टोचू-दाबू नका, गॅस आणि कागदांपासून लांब ठेवा, आणि देताना "ही फुगलेली आहे" असं सांगून वेगळी द्या, ओल्या-सुक्याच्या डब्यात तर मुळीच नको, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेते.

लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, तो खाली कमेंटमधे टाका, कुठली एसएसडी बसेल ते सांगतो.