तुमचे प्रश्न : कोंबडी अंडं का देत नाही?

दीड वर्षाच्या सहा ग्रामप्रिया कोंबड्या आहेत. दसऱ्यापर्यंत रोज चार-पाच अंडी मिळायची, आता आठवड्याला दोन. दुकानातून टॉनिक आणून दिलं, काही फरक नाही. अंगणात पिसं मात्र खूप पडतात. काय चुकतंय? (मानेवाडा)

पिसांतच उत्तर आहे. वर्ष-दीड वर्ष अंडी दिल्यावर कोंबडी जुनी पिसं टाकून नवी घेते. पीस हे जवळजवळ सगळं प्रथिनच असतं, म्हणून खाल्लेलं प्रथिन तिकडे वळतं आणि अंडं थांबतं. हे साधारण दोन ते तीन महिने चालतं. त्यावर टॉनिकचा इलाज नाही, प्रथिनाचा आहे. एवढे दिवस खाद्यातलं प्रथिन थोडं वाढवा, उकडलेली अंडी कुस्करून किंवा सुकट चिमूटभर दिली तरी चालेल. मानेवर, पंखांवर नव्या पिसांचे निळसर कोंब फुटलेले असतात, ते दुखरे असतात. कोंबड्या उगाच हाताळू नका.

दुसरं कारण उजेडाचं. अंडं देत राहायला कोंबडीला रोज सुमारे चौदा तास उजेड लागतो. नागपुरात डिसेंबरच्या शेवटी दिवस अकरा तासांच्याही आत येतो, आणि जूनमधला सगळ्यात मोठा दिवससुद्धा साडेतेरा तासांच्या आसपासच असतो. उजेड डोळ्यांतून आणि कवटीतूनही मेंदूपर्यंत पोचतो, त्यावरूनच बीजकोशाला काम करण्याचा निरोप जातो. दिवस आखडला की निरोप थांबतो.

पिसं पूर्ण आली की खुराड्यात पाच ते सात वॅटचा पिवळसर एलईडी लावा. तो संध्याकाळी नको, पहाटे लावा. संध्याकाळी दिवा एकदम बंद झाला तर कोंबड्या दांडीवर चढायच्या आधीच अंधारात अडकतात. आधी उजाडण्यापूर्वी अर्धा तास, मग दर आठवड्याला अर्धा-अर्धा तास वाढवत पहाटे साडेतीनपर्यंत या. दिव्यापेक्षा टायमर महाग पडेल, पण टायमर घ्याच, कारण दिवा आज लावला, उद्या विसरला की अंडी आणखी बिघडतात. परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात. पाच महिन्यांखालच्या तलंगांना (तरुण कोंबड्यांना) मात्र हा जादा उजेड देऊ नका. शरीर तयार व्हायच्या आधी अंडं सुरू झालं तर ते अडकतं, कधी अंडनलिका बाहेर येते.

सहाही कोंबड्यांना एकाच मापाने मोजू नका. कोण देते, कोण नाही, हे हाताने कळतं. संध्याकाळी दांडीवरून एकेक कोंबडी उचला, तोंड आपल्या काखेकडे करून धरा. शेपटीखालचं द्वार बघा : देणारीचं मोठं, ओलसर, फिकट असतं, न देणारीचं लहान, गोल, कोरडं आणि आवळलेलं. द्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्यात दोन-तीन बोटं सहज मावली तर कोंबडी अंड्यावर आहे, एक बोट मुश्किलीने जात असेल तर नाही. तुरा लाल, गरम, टवटवीत की फिका, आकसलेला, हेही बघा. पायात रंगीत कडी घाला आणि लिहून ठेवा. खाद्य बदलायच्या आधी हे करा.

हिंगण्याजवळ शेती आहे. घरचं सोयाबीन आणि गाईची सरकी ढेप भरपूर असते, तीच कोंबड्यांना देतो, सोबत उरलेली पोळी-भात. दहा कोंबड्यांची दोन-तीन अंडी. बलक कधीकधी हिरवट-तपकिरी दिसतो.

बलकाचा रंग सरकीमुळे. सरकीत गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असतो. गाईचं पोट तो बऱ्यापैकी निष्प्रभ करतं, कोंबडीला ते जमत नाही. अंडी कमी होतात, बलक काळपट पडतो. सरकी ढेप आजच बंद करा, ती गोठ्यातच राहू द्या.

कच्च्या सोयाबीनचा त्रास वेगळा. त्यात प्रथिन पचवणाऱ्या रसाला अडवणारा घटक असतो, म्हणून कोंबडी पोटभर खाऊनही उपाशी राहते. उष्णतेने तो नष्ट होतो. सोयाबीन चांगलं खरपूस भाजून, भरडून द्या, किंवा सरळ तेल काढलेली ढेप, आपल्याकडे ज्याला डीओसी म्हणतात ती वापरा.

पोळी-भाताने पोट भरतं, अंडं होत नाही. अंड्याच्या एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. ते खाद्यातून मिळालं नाही तर कोंबडी हाडातून काढते, आणि मग थांबते. घरी दहा किलो खाद्य असं करता येईल : ज्वारी किंवा मक्याचा भरडा साडेपाच किलो, सोयाबीन डीओसी दोन किलो तीनशे ग्रॅम, तांदळाचा कोंडा एक किलो, शिंपल्याचा चुरा नऊशे ग्रॅम, कोंबड्यांचं खनिज मिश्रण दोनशे सत्तर ग्रॅम, मीठ तीस ग्रॅम. प्रथिन साडेसोळा टक्क्यांच्या आसपास येतं. मीठ मोजूनच घाला, ते कमी पडलं तर अंडी घटतात, जास्त झालं तर कोंबडी मरते. कोंडून ठेवलेल्या कोंबडीला दिवसाला शंभर ते एकशे वीस ग्रॅम लागतं, मोकळी फिरणारीला निम्मं वरून दिलं तरी भागतं. अंडी सुरू न झालेल्या तलंगांना हेच खाद्य देऊ नका, इतकं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवणं हा सोपा मार्ग : ज्यांना लागतं, त्या आपण होऊन खातात.

आणखी एक : शेतात फवारणी झाली की कोंबड्या तिकडे सोडू नका.

आठ महिन्यांच्या पाच गावरान तलंगा. तुरे लाल आहेत, पण खुराड्यात एकही अंडं नाही. (कामठी)

बहुधा अंडी आहेत, फक्त खुराड्यात नाहीत. गावरान कोंबडी आडोसा शोधते : कडबा, विटांचा ढीग, मेहंदीची कुंपणं. चार दिवस सकाळी अकरापर्यंत त्यांना कोंडून ठेवा, बहुतेक अंडी तोवर घातली जातात. पाच कोंबड्यांना एक फूट बाय एक फुटाचं एक-दोन खोकं, तळाशी भाताचा पेंढा, जागा अंधारी आणि जमिनीपासून थोडी वर. आत संगमरवरी अंडं किंवा टेबल टेनिसचा चेंडू ठेवा, बघून त्या तिथेच बसतात. बाहेर अंडी सापडली तर पाण्यात सोडून पाहा, तरंगणारं फेकून द्या.

कवचाचे तुकडे दिसले तर मुंगूस, कावळा किंवा स्वतःची कोंबडीच. अंडं खाणारीच्या चोचीवर पिवळट थर वाळलेला दिसतो. अंडी दिवसातून दोनदा उचला.

कोंबडी खुडूक (अंडी उबवायला) बसली आहे. गार पाण्यात बुडवावी असं सांगतात.

डिसेंबरच्या थंडीत बुडवू नका. ती वेदना होते, उपाय होत नाही. खुडूक कोंबडीचं पोट खालून तापतं, ते गार पडलं की बसण्याची ओढ सुटते. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, खालून हवा लागेल असा उंच ठेवून, उजेडात तीन-चार दिवस ठेवा. पेंढा नको, खाद्य-पाणी हवं. मग एक-दोन आठवड्यांत अंडं सुरू होतं. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंड्यांनंतर बसणारच, त्यात दोष नाही. पिल्लं हवी असतील तर बसू द्या.

गेल्या मे महिन्यात अंडी बोटाने दाबली तरी फुटायची. पुढच्या उन्हाळ्यासाठी काय करावं? (उमरेड)

पारा पंचेचाळीसला गेला की कोंबडी तोंड उघडून धापा टाकते. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कवच बांधायला लागणारं द्रव्य कमी पडतं. वर ती खातही कमी. खाद्य पहाटे पाचला आणि सूर्य मावळल्यावर द्या, दुपारी नको. पाणी मोठ्या मातीच्या भांड्यात, सावलीत, दोन-तीनदा बदलून. एका कोंबडीला उन्हाळ्यात अर्धा लिटरपर्यंत लागतं. एक दिवस पाणी चुकलं तर अंडी कित्येक दिवस घसरतात. पत्र्यावर कडब्याचा थर घाला, पश्चिमेला कूलरच्या गवताची टट्टी ओली करून लावा, मात्र हवा वाहती राहील असं बघा. कोंदट ओल उन्हापेक्षा वाईट.

कोंबड्या रात्री खुराड्यात जायला तयार नसतात. तुरे फिके, अंडी घटली.

रात्री टॉर्च घेऊन जा. दांडीच्या खाचांत, विटांच्या सांध्यांत चपटे, राखाडी गोचीड दिसतील. ते दिवसा भेगांत लपतात, रात्री रक्त पितात, आणि कोंबडीविना महिनोन्‌महिने जगतात. त्यामुळे नुसत्या कोंबड्यांवर पावडर मारून भागत नाही. दांड्या काढून उन्हात तापवा, भेगा सिमेंटने भरा, भिंतींना दाट चुना लावा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावा. अंगणात राखेची चौकट ठेवा, कोंबड्या लोळून बाकीच्या उवा स्वतः झाडतात.

गोचीड सापडले नाहीत तर जंत किंवा आजार असेल. अंड्यांची कवचं एकदम खडबडीत, वेडीवाकडी झाली, माना वळू लागल्या, हिरवट संडास झाली किंवा दोन-तीन एकदम मेल्या तर घरी औषध करू नका. मानमोडी (राणीखेत) असू शकते, त्याहून गंभीरही. मेलेली कोंबडी उघड्यावर फेकू नका, पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. साध्या जंतासाठी सकाळची ताजी विष्ठा स्वच्छ बाटलीत घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात तपासून घ्या. औषध देताना एक विचारा : त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत.